‘दर्शनी पडदा’ : पॉडकास्टच्या होस्टिंगच्या नोंदी

१२ जून २०२५

वाचनालयाच्या कार्यकारिणीने पॉडकास्टला अखेर होकार दिला. विषय गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या उत्सवांत होणारी मराठी नाटकं आणि त्यांत उभी हयात काढलेली माणसं. नाव ‘दर्शनी पडदा’. पंधरवड्याला एक भाग, साधारण चाळीस मिनिटांचा. पहिल्या हंगामात बारा भाग. यंदा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला आहे. मुंबई-पुण्याची मंडळी गावात उतरतील तेव्हा ऐकवायला काहीतरी तयार हवं, म्हणून तारीख त्याच्या आतली धरली.

ध्वनिमुद्रण आणि संपादन भाच्याकडे, वेबची बाजू माझ्याकडे. खजिनदार भाईंनी बैठकीत एकच विचारलं, "वर्साक कितले पयशे?" आकडा पुढच्या आठवड्यात देतो म्हटलं.

१५ जून

आकडा द्यायचा तर आधी वजन काढायला हवं. एमपी३ चा हिशेब सरळ आहे. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, चाळीस मिनिटांचे १९.२ एमबी. १२८ ला दुप्पट, ३८.४ एमबी. बाराही भाग मिळून अर्धा जीबी भरत नाही, त्यामुळे साठवायच्या जागेची चिंता नाही. पैसे लागतात ते बाहेर जाणाऱ्या डेटाला. एक भाग हजार जणांनी उतरवला की १९ ते ३८ जीबी गेले. शिवाय ही मागणी महिनाभर सारखी वाटून येत नाही. नवा भाग पडला की सगळी अ‍ॅप पहिल्या काही तासांतच येऊन थडकतात.

मूळ मुद्रणं मात्र जड. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एका चॅनेलची वेव्ह फाइल मिनिटाला ८.६४ एमबी घेते. गावातले जुने नट मामा बोलायला बसले की दोन तास कुठे गेले कळत नाही, म्हणजे एका बैठकीचा एक जीबी. या फाइली वेबवर ठेवायचं कारणच नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. एक वाचनालयात, दुसरी मडगावला बहिणीकडे.

१७ जून

तीन वाटा आहेत.

पहिली, तयार पॉडकास्ट होस्ट. फाइल चढवायची, फीड (भागांची यादी असलेली फाइल) तेच बनवतात, आकडेवारीही तेच देतात. हातात वेळ नसेल तर हेच करावं, यात काही कमीपणा नाही. पण बहुतेकांचे दर डॉलरमध्ये आणि महिन्याचे. वाचनालयाच्या कार्डावरून परदेशी आवर्ती वजावट म्हणजे कटकट: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वजावटीला आगाऊ मंजुरी नोंदवावी लागते, आणि परदेशी विक्रेत्याकडे ती नीट बसेलच असं नाही. एखाद्या महिन्यात पैसे कापले गेले नाहीत आणि भाग गायब झाले, तर उत्तर मलाच द्यावं लागणार.

दुसरी, साधं शेअर्ड होस्टिंग. रुपयांत, वर्षाचं एकदम, जीएसटीच्या पावतीसह, भाईंना आवडणारं. एका कंपनीच्या पानावर ‘अमर्याद बँडविड्‌थ’ भल्या मोठ्या अक्षरांत. खालच्या अटींत मात्र लिहिलंय की खातं संकेतस्थळासाठी आहे, ध्वनी-चित्रफितींचा साठा करून वाटण्यासाठी नाही, आणि तसा वापर दिसल्यास खातं थांबवण्यात येईल. त्या अटीला मी नावं ठेवत नाही. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं असतात, त्यात एकाने रोज दोन-चार जीबी ओढले तर बाकीच्यांचे हाल. पण मग ‘अमर्याद’ लिहू नये.

तिसरी, दोन्ही तोडून. संकेतस्थळ आणि फीड शेअर्ड होस्टिंगवर, कारण ते काही किलोबाइटांचं काम. ध्वनिफिती ऑब्जेक्ट स्टोरेजवर, जिथे जडच फाइली ठेवायच्या असतात. यात दोन ठिकाणं सांभाळावी लागतात, पण दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात. माझं मत तिसऱ्या वाटेला.

१८ जून

रात्री भाच्याशी वाद. त्याचं म्हणणं, स्पॉटिफायवर थेट चढवलं की झालं, फुकट आहे, एवढा खटाटोप कशाला. मी म्हटलं, ऐकणारे कुठेही ऐकू देत, फीडचा पत्ता आपल्या डोमेनवर, म्हणजे आपल्या मालकीच्या वेब-नावावर, हवा. पॉडकास्ट म्हणून जे काही असतं ते एक आरएसएस फाइल असते, तीच फीड. अ‍ॅपल, स्पॉटिफाय सगळे तीच वाचतात. श्रोता ‘फॉलो’ करतो तेव्हा त्याच्या अ‍ॅपमध्ये साठतो तो या फाइलचा पत्ता. पत्ता दुसऱ्याच्या डोमेनवर असेल तर घर बदलताना जुन्या मालकाने ३०१ लावून पुढचा पत्ता सांगायला हवा, आणि तो किमान महिनाभर तरी टिकवायला हवा. मालकच दुकान बंद करून गेला तर? गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांची फीड स्वतःची होती त्यांचे श्रोते तोच पत्ता घेऊन दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेले, ऐकणं तुटलं नाही.

भाचा म्हणाला, "बरं बाबा, तूच कर मग." म्हणजे पटलं असं धरतो.

२१ जून

डोमेन घेतलं. .भारत वर देवनागरीत नाव घ्यायचा मोह फार झाला. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतं आणि ते मराठी-कोकणी दोन्हींना चालतं. पण आतून ते सगळं एक्स-एन-डॅश-डॅशने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत बदलतं, आणि पॉडकास्टच्या याद्या ठेवणाऱ्या निरनिराळ्या डिरेक्टऱ्यांचे अर्ज ते कसं गिळतील याचा नेम नाही. फीडसाठी साधं .इन घेतलं. ‘पडदा’ रोमनमध्ये निदान दोन तऱ्हांनी लिहितात. जवळचं दुसरं स्पेलिंगही घेऊन मुख्य नावाकडे वळवलं. घेताना पहिल्या वर्षाचा दर बघितलाच नाही, नूतनीकरणाचा बघितला. बहुतेक ठिकाणी खरी किंमत तीच.

नोंदणी वाचनालयाच्या नावाने आणि वाचनालयाच्या ईमेलवर. माझ्या नावावर काहीही नको.

२४ जून

सांजाव, सेंट जॉनचा सण. दुपारपासून विहिरीत उड्या मारणाऱ्यांचा कल्ला आणि वर पाऊस, मुद्रण अशक्य. डिस्कची नक्कल करायला बसलो तर वीज गेली, आली, पुन्हा गेली. जड फाइली पावसाळ्यात हलवायच्या तर अर्धवट तुटलेलं काम पुढे चालू करणारं साधन हवं. आरसिंकला ‘पार्शल’चा पर्याय दिला की तुटलेल्या जागेपासून पुढे नेतं. राउटर इन्व्हर्टरवर घेतला.

२८ जून

बिटरेट, म्हणजे आवाजाच्या सेकंदाला किती डेटा ते, ठरवायला मामांचं एक पद घेतलं. मामांनी तरुणपणी स्त्रीपार्ट केले. आज ऐंशीच्या घरात आहेत, पण पायपेटीवर पांढरी दोन धरून बसले की आवाज अजून लागतो. तेच पद ६४, ९६ आणि १२८ वर काढलं, तिन्ही मोनो. फाइलींवर नावं न टाकता मामा, भाचा आणि वहिनी यांना ऐकवलं. नुसत्या बोलण्यात कोणालाच फरक कळला नाही. पद सुरू झालं की ६४ ला पायपेटीचे वरचे स्वर पाण्यातून आल्यासारखे डुचमळतात, आणि तबल्याच्या चाटीची धार जाते. मामांनी हे लगेच पकडलं. ९६ आणि १२८ मधला फरक मात्र तिघांपैकी कोणाला धडपणे सांगता येईना.

तेव्हा ९६ केबीपीएस मोनो. चाळीस मिनिटांना २८.८ एमबी. बिटरेट स्थिर ठेवायचा, बदलता नाही. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत काही जुनी अ‍ॅप पुढे-मागे सरकवताना भलत्याच मिनिटाला नेऊन सोडतात. आवाजाची पातळी अ‍ॅपल सांगतं तशी उणे १६ लफ्सच्या आसपास. रांधता रांधता फोनच्या स्पीकरवर ऐकणारे बरेच असणार, त्यांना हळू आवाज नको.

कौलांवरचा पाऊस मागे येतोच. भाच्याला तो काढून टाकायचा होता. मी म्हटलं राहू दे, आवाजाचं पाणी होण्यापेक्षा खरं पाणी बरं.

३ जुलै

ध्वनिफितींची जागा नक्की केली: क्लाउडफ्लेअर कंपनीचं आर२ हे ऑब्जेक्ट स्टोरेज. बाहेर जाणाऱ्या डेटाला पैसे नाहीत, आणि महिन्याला १० जीबी साठा फुकट. आपला अख्खा हंगाम १२ गुणिले २८.८, म्हणजे ३४६ एमबी. तुलनेसाठी अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रिजनचा भाव पाहिला: महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर पुढे दर जीबीला ११ सेंटच्या आसपास. एरवी तेही परवडेल, पण एखादा भाग कुठे व्हायरल झाला तर बिल कुठवर जाईल ते सांगता येत नाही. वाचनालयाला मोठं बिल एकवेळ परवडेल, अनिश्चित बिल नाही.

यात एक गोम आहे. आर२ बरोबर एक तयार सार्वजनिक पत्ता मिळतो, तो फक्त चाचणीसाठी. त्यावर वेगाची मर्यादा असते. खऱ्या वापराला स्वतःचं उपडोमेन जोडावं लागतं, आणि त्यासाठी डोमेनचं डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंदवही) क्लाउडफ्लेअरकडे न्यावं लागतं. नेलं. मुख्य संकेतस्थळाची नोंद ‘फक्त डीएनएस’वर ठेवली, मध्ये त्यांची गाळणी नको.

फाइलींची नावं: भाच्याने हौसेने देवनागरीत दिली होती. दिसायला छान. पण वेबच्या पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, तीन बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइटाला टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणा लागतात. ‘दशावतार’ एवढा एक शब्द ६३ खुणांचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर असा पत्ता कोणी पाठवला तर पाहणाऱ्याला वाटेल फोनला काहीतरी लागलंय. फाइलींना नुसते तीन आकडे: ००१, ००२. देवनागरी शीर्षक फीडमध्ये आणि फाइलीच्या टॅगमध्ये, तिथे त्याचा मान आहे.

१० जुलै

फीड हाताने लिहिली नाही, साच्यातून काढतो. छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, भागांची यादी वाचते, प्रत्येक फाइलीचा आकार बाइटांत मोजते आणि एन्क्लोजर नावाच्या ओळीत पत्ता, आकार, प्रकार भरते. हे एन्क्लोजर २००० सालच्या अखेरीस आरएसएसमध्ये आलं, तेव्हा ‘पॉडकास्ट’ हा शब्दही नव्हता. अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले ते २००५ च्या जूनमध्ये. इतक्या वर्षांत बाकी सगळं बदललं, ही एक ओळ तशीच आहे. म्हणूनच तिच्यावर विसंबता येतं.

तपासणीत फीड तारखेवर अडकली. साच्याची भाषा मराठी असल्याने प्रकाशनाच्या तारखेत ‘गुरु’ आणि ‘जुलै’ उमटत होते. फीडला वार आणि महिना इंग्रजी तीन अक्षरी आणि आकडेही इंग्रजीच लागतात, शेवटी भारतीय वेळेसाठी अधिक ०५३०. तेवढ्या एका जागेसाठी भाषा बदलली. भाषेच्या रकान्यात ‘एमआर’. पुढे कोकणी भाग काढायचे झाले तर कोकणीला दोन अक्षरी संकेत नाही, ‘के-ओ-के’ लिहावं लागेल. साच्यात सोय करून ठेवली.

१६ जुलै

प्रत्येक भागाची कायमची ओळख, म्हणजे जीयूआयडी. पुष्कळ साचे इथे भागाचा पत्ताच टाकतात. मग पुढे पत्ता बदलला की अ‍ॅपला तो भाग नवा वाटतो आणि सगळा हंगाम श्रोत्याच्या यादीत दुसऱ्यांदा येऊन पडतो. आपण पत्त्याशी संबंध नसलेली खूण ठेवली आणि ‘हा दुवा नाही’ असं फीडमध्ये बजावलं. ही खूण एकदा बाहेर गेली की शीर्षक बदलो, फाइल बदलो, तिला हात लावायचा नाही. स्क्रिप्टच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.

२३ जुलै

मुखपृष्ठ. गावच्या देवळातल्या जुन्या दर्शनी पडद्याचा फोटो आहे: मधोमध दरबार, दोन्ही बाजूंना खांब, खाली रंगवणाऱ्याची सही पुसट. अ‍ॅपलला चौकोनी प्रतिमा लागते, १४०० ते ३००० पिक्सेल. छापखान्यातून आली ती नेमकी ३००० ची, पण छपाईच्या चार रंगांत. स्क्रीनवर निळा हिरवट दिसत होता. आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, करून घेतली.

मग ती फोनवर अंगठ्याच्या नखाएवढी करून पाहिली. खांब, दरबार, झुंबर, सगळं एकच तपकिरी डाग. ‘दर्शनी’चा रफार तर दिसेनाच. शेवटी फोटोतला फक्त पडद्याचा वरचा झालर असलेला भाग घेतला, आणि अक्षरं दोन ओळींत, जाड, पिवळ्यावर काळी. मामांना दाखवलं. म्हणाले, "झालर आमची न्हय, ती नंतर शिवली." तीच राहिली.

३१ जुलै

सगळं जागेवर, आता ठोकून बघायचं. पॉडकास्टची अ‍ॅप बहुतेकदा फाइल सरळ मागत नाहीत. आधी ‘हेड’ पाठवून नुसती माहिती विचारतात, मग तुकडा मागतात: अमुक बाइटापासून तमुकपर्यंत. तुकडा देता आला तर सर्व्हर २०६ म्हणतो. हे जमत नसेल तर श्रोत्याला पंचविसाव्या मिनिटावर उडी मारता येत नाही आणि अ‍ॅपलच्या अटीतही बसत नाही. आर२ ने २०६ दिलं.

फीडने मात्र दगा दिला. ब्राउझरमध्ये उघडते, पण बाहेरच्या तपासणी-साधनाला ४०३, म्हणजे प्रवेश बंद. सर्व्हरच्या नोंदी चाळल्या: होस्टिंगवाल्यांची फायरवॉल ब्राउझर नसलेल्या पाहुण्याला दारातच हाकलत होती. आता फीड वाचणारे सगळे ब्राउझर नसलेलेच पाहुणे. मदतकक्षाचं पहिलं उत्तर, "आमच्याकडे उघडतंय सर." ते ब्राउझरमध्ये उघडून बघत होते. पाहुण्याचं नाव, वेळ आणि नियमाचा क्रमांक अशा तीन ओळी नोंदीतून उचलून पाठवल्या, तेव्हा दुसऱ्या माणसाने तासाभरात त्या एका फाइलीपुरता नियम उठवला. लांब पत्रापेक्षा नोंदीच्या तीन ओळी.

शिवाय ‘बदल नसेल तर ३०४’ नीट मिळतं की नाही तेही पाहिलं. अ‍ॅप दिवसभर फीड विचारत राहतात. दर वेळी अख्खी फाइल पाठवायची गरज नाही.

६ ऑगस्ट

हक्क. मुलाखत दिलेल्या सगळ्यांची लेखी संमती घेतली, फायलीत लावली. पदांचं काय? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांची पदं मामांनी स्वतः म्हटली तर शब्दांच्या हक्काची अडचण नाही. नंतरच्या नाटककारांची पदं परवानगीशिवाय नाहीत. जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलायचे नाहीत हे भाच्याला पुन्हा सांगितलं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात. एका तक्रारीवर फाइल उतरवावी लागली तर होस्टिंग कितीही चांगलं असून उपयोग नाही.

१३ ऑगस्ट

रिकामी फीड डिरेक्टऱ्या घेत नाहीत, म्हणून दोन मिनिटांची झलक चढवली. दीड एमबीच्या आतली. अ‍ॅपल आणि स्पॉटिफायकडे फीड नोंदवली. स्पॉटिफाय खात्रीचा कोड फीडमधल्या ईमेलवर पाठवतं, म्हणून तिथला पत्ता चालू असायला हवा; आणि फीड जगजाहीर असल्याने त्यावर जाहिरातींचा कचरा येणारच. वेगळा पत्ता काढला, तो फक्त याच कामाला.

यूट्यूबवर स्थिर चित्र लावून भाग स्वतंत्रपणे टाकायचे. गावातले निम्मे लोक तिथेच ऐकणार, त्यांना पॉडकास्टचं अ‍ॅप शिकवत बसायचं नाही.

१९ ऑगस्ट

लेट्‌स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र (संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित असल्याची खूण) ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, बहुतेकदा. पूर्वी मुदत संपत आली की त्यांचा ईमेल यायचा. ४ जून २०२५ पासून त्यांनी तो बंद केला. तेव्हा बाहेरून रोज तपासणारा एक पहारेकरी लावला: प्रमाणपत्राला पंधरा दिवस उरले, किंवा फीड २०० (म्हणजे ‘ठीक’) ऐवजी दुसरं काही म्हणाली, तर मला आणि भाच्याला निरोप.

भाईंना अंतिम हिशेब दिला: दोन डोमेन, वर्षाचं शेअर्ड होस्टिंग, त्यावर १८ टक्के जीएसटी. ऑब्जेक्ट स्टोरेज शून्य. त्यांनी दोनदा वाचून विचारलं, शून्य कसं. कार्ड नोंदवावं लागलं आहे आणि १० जीबीच्या वर गेलं तर पैसे लागतील, हे लिहून घेतलं तेव्हा सही केली.

२३ ऑगस्ट

पहिला भाग बाहेर. सकाळी सहाची वेळ फीडमध्ये होती. मामांच्या फोनवर मीच लावून दिला, कारण त्यांची अट तीच होती: "पयलीं म्हज्या मोबायलार वाजूंक जाय, मागीर बाकीचें." वाजला. अर्ध्यावर वीज गेली तरी वाजत राहिला, उतरवून ठेवला होता.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फाइल टाकायची नाही, दुवाच टाकायचा, असं सगळ्यांना सांगितलं. दुपारपर्यंत कोणीतरी फाइल टाकलीच.

३१ ऑगस्ट

चवथीच्या गर्दीतही ऐकलं गेलं. भाचा आकडे मागतोय. दिले, पण समजावून. रूढ मोजणीत एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, एकाच अ‍ॅपने २४ तासांत कितीही वेळा मागितलं तरी एक धरतात, आणि निदान मिनिटभराचा आवाज गेलेला असावा लागतो. आपल्याकडे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहक एका आयपीमागे बसवतात, त्यामुळे एकाच वाड्यावरचे चार जण एक म्हणून मोजले जाऊ शकतात. दुसरीकडे आपोआप उतरवलेला पण कधीच न ऐकलेला भागही मोजला जातो. यूट्यूबचा आकडा वेगळ्याच मापाचा. हे सगळे आकडे एकत्र करून कार्यकारिणीला एक मोठी संख्या सांगायची नाही, असं ठरवलं.

४ सप्टेंबर

काम वाचनालयाकडे सोपवलं. डोमेन, होस्टिंग, स्टोरेज आणि ईमेल, चारही खात्यांना दुहेरी पडताळणी. खात्यात परत शिरायचे राखीव कोड छापून बंद लिफाफ्यात, भाईंच्या कपाटात. नूतनीकरणाच्या तारखा वाचनालयाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनने.

भाच्याने मडगावची डिस्क आणून तिच्यातली एक वेव्ह फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिली, चालते. दुसऱ्या भागाचं संपादन व्हायचं आहे, संहिता टंकायला माणूस हवा आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवतो.